इंजिनाच्या संगणकात काय बदलले, ते जॉब कार्डावर लिहा

माननीय संपादक,
सा. न. वि. वि.

गाडी सर्व्हिसिंगला दिली की ऑइल कोणते घातले, किती घातले, कोणता फिल्टर बदलला आणि ब्रेक पॅडची जाडी किती उरली, हे सगळे आता ओळीने छापून हातात मिळते. त्याच भेटीत इंजिनाच्या संगणकातले, म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये सगळे ज्याला ‘ईसीयू’ म्हणतात त्यातले, सॉफ्टवेअर बदलले गेले असेल, तर त्याची नोंद मात्र ‘ईसीयू अपडेट’ एवढ्यावर भागवली जाते आणि पुष्कळदा तेवढीही होत नाही. आधी कोणती आवृत्ती होती, आता कोणती आहे, ती का बदलली आणि त्यामुळे गाडीच्या वागण्यात कोणता फरक पडायला हवा, हे मालकाला कोणी सांगत नाही. या उणिवेकडे डीलरांचे, वाहन उत्पादकांचे आणि नियम करणाऱ्यांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या पेट्रोल गाडीला घेतल्यापासून तिसऱ्या वर्षी एक खोड लागली. सकाळी इंजिन थंड असताना हलक्या पायाने गाडी पुढे काढली की पहिली दोन-तीन मिनिटे ती झटके खायची. क्लच सोडताना कोणी मागून धरून ठेवल्यासारखे वाटायचे. इंजिन तापले की सगळे सुरळीत, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत दाखवायला काही उरतच नसे. चेक इंजिनचा दिवा कधी लागला नाही आणि स्कॅनर लावला की ‘फॉल्ट कोड नाही’ हेच उत्तर यायचे. पहिल्या फेरीत स्पार्क प्लग बदलले. दुसऱ्या फेरीत थ्रॉटल बॉडी साफ केली. तिसऱ्या फेरीत मला पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून पाहायला सांगण्यात आले. चौथ्या वेळी नेहमीचे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर रजेवर होते; त्यांच्या जागी बसलेल्या तरुणाने चेसिस क्रमांक संगणकात टाकला, पडद्यावर नजर फिरवली आणि सहज म्हणाला, “मॅडम, याला अपडेट आहे की. कोल्ड जर्किंगचाच आहे. येऊन वर्ष झालं.”

म्हणजे मी ज्या वर्षात तीन फेऱ्या मारल्या, त्या संपूर्ण वर्षात माझ्या तक्रारीचे उत्तर त्याच इमारतीतल्या त्याच संगणकावर पडून होते.

ते काम होताना मी शेजारीच उभी राहिले. बॉनेट उघडून बॅटरीला एक जाडजूड चार्जर जोडला गेला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये वायर खोचून तिचे दुसरे टोक लॅपटॉपकडे गेले. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली, इतक्यात रेडिएटरचा पंखा कोणी सांगितल्यासारखा पूर्ण वेगाने सुरू झाला आणि डॅशबोर्डवरचे दिवे आळीपाळीने लागू-विझू लागले. मी दचकले, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, “असंच होतं. फक्त चावीला हात लावू नका.” पंख्याचे कारण मला नंतर समजले: संगणकाची स्मृती पुसून नव्याने लिहिली जात असताना पंख्याला हुकूम देणारे कोणी उरत नाही, आणि अशा वेळी इंजिन तापू नये म्हणून पंखा आपणहून जोरात फिरावा अशी रचना पुष्कळ गाड्यांत केलेली असते. चार्जरही उगाच नसतो. लिहिणे अर्ध्यावर असताना बॅटरीचा दाब पडला, तर अर्धवट लिहिलेला संगणक इंजिन सुरू करू शकत नाही आणि काही वेळा तो बदलावाच लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या क्षणापासून मऊ चालली. बिलावर या कामाची नोंद होती ‘कॉम्प्युटर चेकिंग’.

तक्रार दूर झाली, मग आता कुरकुर कशाला, असे कोणी विचारील. कुरकुर पुढच्या वर्षीच्या बिलामुळे आहे. त्यात मी न मागता ‘ईसीयू अपडेट’ अशी ओळ होती. मधल्या काळात मी फोनला जोडता येणारा एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला होता. अशा स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत चेसिस क्रमांकाबरोबर ‘कॅलिब्रेशन आयडी’ नावाचा, अक्षरे आणि आकडे मिळून सोळा स्थानांपर्यंतचा एक क्रमांक दिसतो; ईसीयूमध्ये सध्या कोणते सॉफ्टवेअर बसले आहे, त्याची ती ओळख. त्याच्याच जोडीला एक पडताळणी क्रमांक असतो, जो आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला असतो आणि मजकुरात फेरफार झाला की बदलतो. सर्व्हिसिंगला देण्याआधी मी दोन्ही लिहून ठेवले होते. गाडी परत आल्यावर पाहिले, तर दोन्ही जसेच्या तसे. विचारणा केल्यावर बरीच शोधाशोध झाली आणि उत्तर मिळाले की या गाडीला नवीन अपडेट नव्हताच. मशीनने तपासले आणि काही नाही म्हणून सोडून दिले, बिलात ती ओळ ‘आपोआप येते’. पहिल्या वेळी बदल झाला आणि नोंद झाली नाही, दुसऱ्या वेळी नोंद झाली आणि बदल झाला नाही. मला यात कोणाचा लबाडीचा हेतू दिसत नाही. जी गोष्ट लिहून देण्याचे बंधन कोणावरच नाही, तिच्याबाबत असा ढिसाळपणा होणारच.

हा संगणक करतो काय, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण ‘सॉफ्टवेअर’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गाणी लावणारा पडदा येतो. कोणत्या क्षणी किती इंधन फवारायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बो असेल तर हवेचा दाब किती चढू द्यायचा, धुराचा किती भाग पुन्हा इंजिनात वळवायचा, हे निर्णय तो सेकंदाला कितीतरी वेळा घेतो. त्यासाठी आत येणारी हवा, कूलंटचे तापमान, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर यांच्याकडून आलेले आकडे तो कंपनीने भरून दिलेल्या तक्त्यांशी ताडून पाहतो. अपडेट म्हणजे बहुतेक वेळा या तक्त्यांतल्या आकड्यांत केलेली दुरुस्ती. माझ्या गाडीत थंड इंजिनासाठीचे इंधन आणि ठिणगीची वेळ यांचा मेळ चुकला असावा, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण लेखी काही मिळालेले नाही. एकेकाळी असा बदल करायचा तर संगणक उघडून आतली चिप काढून दुसरी बसवावी लागे. फ्लॅश स्मृती आल्यापासून वायरीनेच काम होते. म्हणजे बदल करणे सोपे झाले, आणि तो दृष्टीआड होणेही तितकेच सोपे झाले. चिप बदलली असती तर निदान जुनी चिप तरी मागून घेता आली असती.

यातली सर्वांत विसंगत गोष्ट पुढे आहे. वाहनांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक मंचाने जून २०२० मध्ये एक नियम मंजूर केला. तो ‘आर १५६’ या क्रमांकाने ओळखला जातो आणि जानेवारी २०२१ पासून अमलात आला. युरोपीय संघाने तो जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना बंधनकारक केला. हवेतून, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यावरून, येणारा अपडेट चढवण्यापूर्वी त्याचा हेतू काय, त्याने काय बदलणार आहे, किती वेळ लागेल आणि त्या वेळात गाडीच्या कोणत्या सोयी बंद राहतील, हे वापरणाऱ्याला कळवण्याची व्यवस्था असली पाहिजे, असे हा नियम सांगतो. उत्तम आहे. मात्र हेच सॉफ्टवेअर सर्व्हिस सेंटरमध्ये वायर लावून बदलले, तर मालकासमोर त्यातले काहीही येत नाही. घराबाहेर उभ्या असलेल्या गाडीला आधी विचारून मगच हात लावायचा आणि विश्वासाने दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या गाडीत न सांगता फेरफार करायचा, हा उलटा न्याय झाला. रस्त्यांवरच्या बहुतांश गाड्या अजून वायरीनेच अपडेट होणाऱ्या आहेत, हेही लक्षात घ्यावे.

अपडेट हा नेहमी मालकाच्या भल्याचाच असतो, त्यात सांगायचे काय, असा युक्तिवाद मी दोन ठिकाणी ऐकला आहे. त्याला उत्तर म्हणून फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणाकडे बोट दाखवावेसे वाटते. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. युरोपात त्यांतल्या पुष्कळ गाड्यांना दुरुस्ती म्हणून जे दिले गेले, तो ईसीयूचा अपडेटच होता. मात्र त्या अपडेटनंतरही धूर पुन्हा इंजिनात वळवण्याची व्यवस्था पूर्ण क्षमतेने चालत होती ती बाहेरचे तापमान १५ ते ३३ अंश सेल्सिअस आणि उंची १००० मीटरच्या आत असेल तेव्हाच. जुलै २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने अशी रचना हीसुद्धा, तत्त्वतः, निषिद्ध युक्तीच ठरते असा निर्वाळा दिला. ज्या मालकांनी ती ‘दुरुस्ती’ निमूटपणे करून घेतली, त्यांच्यापैकी कितीजणांच्या जॉब कार्डावर या तापमानांचा उल्लेख असेल?

सुरक्षेशी संबंध असला की गोष्ट वेगळी असते, हे मान्य आहे. तेथे रिकॉल जाहीर होते, पत्र येते, काम मोफत होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस गाड्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीसाठीच परत बोलावल्या होत्या. अडचण आहे ती रिकॉलच्या खालच्या पायरीवरच्या अपडेटची: झटके खाणे, आयडलिंग वरखाली होणे, थंडीत गाडी सुरू व्हायला वेळ घेणे, अ‍ॅव्हरेज घसरणे, चेक इंजिनचा दिवा विनाकारण लागणे. यांसाठी कंपनी डीलरांना एक तांत्रिक सूचनापत्रक पाठवते, आणि ‘ग्राहकाने अशी तक्रार केली तरच हे काम करावे’ असे त्यात पुष्कळदा लिहिलेले असते. ग्राहकाला पत्रक दिसत नाही, त्यामुळे त्याची तक्रार पत्रकातल्या शब्दांत बसत नाही. आणि अ‍ॅडव्हायझरने चेसिस क्रमांक टाकून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत, तर दोघे वर्षभर एकमेकांसमोर बसूनही भेट होत नाही. अमेरिकेत ही पत्रके कंपन्यांना राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे सादर करावी लागतात आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. इतरत्र हे करायला कोणती मोठी यंत्रणा उभारावी लागेल, ते मला समजत नाही. पत्रके तर तयारच असतात.

डीलरची बाजू मी अगदीच नाकारत नाही. वॉरंटीत अपडेट केला तर कंपनी त्याला ठरावीक मिनिटांचेच पैसे देते, आणि त्या मिनिटांत चार्जर शोधणे, लॅपटॉप सर्व्हरला जोडणे, फाइल उतरवून घेणे, मधेच तुटलेले नेट पुन्हा जोडणे हे सगळे धरलेले असतेच असे नाही. त्या वेळात दुसऱ्या गाडीचे ब्रेक झाले असते. काम फसले तर ईसीयूचा भुर्दंड कोणाचा, हाही प्रश्न असतो. म्हणून ‘चालतेय ना, मग हात कशाला लावा’ ही वृत्ती बळावते. पण हा डीलर आणि कंपनी यांच्यातला हिशेब आहे, त्याचा काच गाडीमालकाला का?

वॉरंटी संपल्यावर अपडेटचे पैसे कोणी द्यायचे, यावर माझे मत सरळ आहे. ब्रेक पॅड झिजतात, प्रोग्राम झिजत नाही. आज सापडलेली चूक गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीही तिच्यात होतीच. ती दुरुस्त करण्याचे पैसे घेणे म्हणजे पुस्तकाचे शुद्धिपत्र विकत देण्यासारखे आहे. काही अपडेट भागांचे वय वाढल्यावर त्यांना सांभाळून घेण्यासाठी येतात, त्यांचा विचार वेगळा करता येईल. अमेरिकेत उत्सर्जन नियंत्रणाच्या काही प्रमुख भागांना ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, हमी द्यावी लागते आणि त्या भागांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जोडीने हा संगणकही धरलेला आहे. तीन वर्षांच्या सर्वसाधारण वॉरंटीकडे बोट दाखवून हात झटकणाऱ्यांना हे उदाहरण दाखवता येईल.

बाहेरच्या गॅरेजचा मुद्दा यात ओघाने येतोच. अधिकृत डीलरकडे उत्तर मिळाले नाही, तर माणूस ओळखीच्या मेकॅनिककडे जातो. पण त्याच्याकडे कंपनीच्या सर्व्हरची किल्ली नसली, तर रोग ओळखूनही तो औषध देऊ शकत नाही. हे टाळण्यासाठी अमेरिकेत २००४ च्या मॉडेलांपासून, उत्सर्जनाशी संबंधित संगणक कोणत्याही गॅरेजला एका प्रमाणित उपकरणाने नव्याने लिहिता आले पाहिजेत, अशी तरतूद आहे. युरोपात २००७ च्या नियमावलीने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली केली; त्यानंतरही एका कंपनीने सॉकेटच्या वाटेवर नोंदणीची आणि वर्गणीची कुलपे बसवली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने नियमांत नसलेल्या अशा अटी घालता येणार नाहीत असे सांगितले. चोरी आणि छेडछाड यांपासून संरक्षण हवे, यात शंका नाही. तेवढ्यासाठी दुरुस्ती करणाऱ्यालाच दाराबाहेर उभे करण्याची गरज नाही.

अपडेट करून घेतलेल्यांना दोन गोष्टी आधी सांगितल्या जाव्यात असे वाटते, कारण त्या न सांगितल्याने नाहक फेऱ्या पडतात. काम झाल्यावर ईसीयूने चालवता चालवता शिकलेले बारीक हिशेब सहसा पुसले जातात, त्यामुळे पहिले काही दिवस आयडलिंग आणि पिकअप किंचित निराळे वाटू शकते. ते स्थिरावू द्यावे. शिवाय उत्सर्जन यंत्रणेच्या आपणहून चालणाऱ्या तपासण्याही पुन्हा शून्यापासून सुरू होतात, आणि जेथे धुराची चाचणी त्याच सोळा पिनांच्या सॉकेटमधून घेतली जाते, तेथे लगेच गेल्यास ‘तपासणी अपूर्ण’ म्हणून गाडी परत पाठवली जाऊ शकते. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोयही अधिकृत साधनांत सहसा नसते. या शेवटच्या कारणाने तरी आधी विचारणे आवश्यक ठरते.

माझी मागणी मोठी नाही. जॉब कार्डावर जेथे गाडीचे किलोमीटर लिहितात, तेथेच कॅलिब्रेशन आयडी लिहावा. अपडेट असेल तर तो कशासाठी आहे हे दोन ओळींत सांगून मालकाची संमती घ्यावी. आणि बिलावर जुना व नवा असे दोन्ही क्रमांक छापावेत. हे क्रमांक डीलरच्या मशीनला कामाच्या आधी वाचावेच लागतात, त्याशिवाय कोणती फाइल चढवायची हे त्याला कळणार नाही. म्हणजे माहिती पडद्यावर असतेच, ती कागदावर उतरवायची एवढेच राहते. वाहन नियमांत ही तरतूद कधी होईल ती होवो. डीलरांच्या संघटनांनी मनावर घेतले तर त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर मी माझ्यापुरते एक ठरवले आहे. पुढच्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे. जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी स्कॅनरवर दिसणारा तो क्रमांक मी माझ्याच हाताने त्यावर लिहिणार आहे आणि त्याच्या खाली, नवा क्रमांक लिहिण्यासाठी, एक ओळ मोकळी सोडणार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाहनमालक